माझ्या फोटोला हार

मी पहिल्यांदा मेले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि माझ्या कडेवर पाच किलो गव्हाच्या दळणाचा डबा होता. ही गोष्ट मी आजवर निदान पाचशे लोकांना सांगितली असेल. त्यातल्या चारशे नव्व्याण्णवांनी विश्वास ठेवला नाही, आणि उरलेला एक माझा ड्रायव्हर होता. त्याला नोकरी टिकवायची होती. पण तुम्ही पुस्तक उघडून बसलाच आहात, तर पुढे ऐका.

भोपाळच्या त्या टाऊनशिपमधल्या क्वार्टर्स कारखान्याने एकाच साच्यातून ओतून काढल्या होत्या. पुढे जाळीचा व्हरांडा, मग बैठकीची खोली, डावीकडे स्वयंपाकघर, त्यात ओट्यावर एक सिमेंटची फळी, मागे अंगण आणि अंगणात पेरूचं झाड. पेरूसुद्धा कारखान्याने ड्रॉइंग काढून लावले असावेत, इतके ते एका उंचीचे होते. रंग एक, दरवाजे एक, दरवाज्यांची कुरकुर एक. बाबा म्हणायचे, या गावात नवरा चुकून दुसऱ्याच्या घरी गेला तर जेवून, झोपून, सकाळच्या भोंग्याला उठून ड्युटीवर जाईल आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. बाबा टाइम ऑफिसात होते, म्हणजे अख्ख्या टाऊनशिपचं येणंजाणं त्यांच्या रजिस्टरात. आम्ही मूळ नागपूरचे. आईने नागपूर सोडताना जातं, पाटा आणि आपली भाषा तिन्ही बरोबर आणलं होतं, आणि त्यातलं शेवटचं सगळ्यात जड होतं.

तर त्या दिवशी संध्याकाळी मी गिरणीतून परत येत होते. दिवे लागायची वेळ झालेली आणि लाइट गेलेली. सगळ्या गल्ल्या एकाच करड्या रंगाच्या दिसत होत्या. मी आपली फाटक ढकलून आत गेले, चपला काढल्या, डबा खाली ठेवला आणि माठातलं पाणी प्यायले. माठ होता तिथेच होता. पाण्याला वाळ्याचा वास आला तेव्हा मला वाटलं, आईला आज काय सुचलं. मग आमचं घड्याळ जिथे टांगलेलं असायचं त्या भिंतीकडे मी किती वाजले म्हणून पाहिलं. घड्याळ नव्हतं. तिथे मी होते.

मोठ्या फ्रेममध्ये, हातभर उंच, रंगवलेली. गालावर गुलाबी, ओठांवर लाल, मान जरा डावीकडे. गळ्यात चंदनाच्या सालीचा हार, खाली उदबत्तीचं घर, त्यात नुकती विझलेली काडी. हनुवटीवर एक तीळ होता. मला तीळ नव्हता. मी हनुवटीला हात लावून पाहिला, आणि खरं सांगते, क्षणभर मला हनुवटीच सापडेना.

आतून बांगड्या वाजल्या. कोणीतरी बाई म्हणाली, "आलात का हो?" मी डबा उचलला आणि पळाले. चपला तिथेच राहिल्या.

माझ्या अनवाणी पायांकडे बघून आई म्हणाली, "काहून गं, भूत पाह्यलं काय?"

"हो," मी म्हटलं. "माझंच."

आईने सगळं ऐकून घेतलं आणि आधी गोळाभाताची कढई खाली उतरवली, कारण कितीही मोठं संकट आलं तरी गोळे करपू द्यायचे नाहीत हा आमच्याकडचा धर्म. मग तिने मीठमोहऱ्या उतरवल्या. इतक्या उतरवल्या की पुढचे आठ दिवस आमच्या फोडणीत मोहरी नव्हती. जित्या पोरीच्या फोटोला हार म्हणजे यमाला पत्ता लिहून देणं, असं तिचं म्हणणं. बाबा मात्र भातावर गरम तेल ओतून घेत म्हणाले, "अगं, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढते. पोट्टी शंभर वर्षं जगते आता."

"तुमचा फोटो लावते मग तिथं," आई म्हणाली. बाबांनी भातावर आणखी तेल ओतून घेतलं.

फोटो कुठला ते मला माहीत होतं. जवाहर चौकात रईसमियाँचा स्टुडिओ होता. मी कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो काढायला गेले, तेव्हा फॉर्मचा फोटो झाल्यावर ते म्हणाले, "ठहरो बीबी, एक और. गर्दन ज़रा उधर." तो दुसरा फोटो त्यांनी मोठा केला, हाताने रंगवला आणि मला न विचारता काचेत लावला. बघायला इतकी गर्दी व्हायची की चौकातला पोहे-जलेबीवाला आपली गाडी उचलून समोर आला. जलेबी तिथे स्वस्त होती म्हणून गर्दी व्हायची असं माझा भाऊ म्हणतो, पण तो पहिल्यापासूनच जळका.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. काचेत माझ्याजागी एक गुबगुबीत बाळ होतं. रईसमियाँ मला पाहून ब्रश धुवायला लागले. स्वच्छ ब्रश.

"मोघे साहब की बेगम आई थीं," शेवटी ते म्हणाले. "बेटी गुज़र गई. एक ही तस्वीर थी, स्कूल के ग्रुप की, और उसमें भी बच्ची ने मुँह हिला दिया. मैं क्या बड़ा करता, धुआँ?" मग त्या बाईंना काचेतला माझा फोटो दिसला. त्या त्याच्यापुढे तासभर उभ्या राहिल्या. आणि म्हणाल्या, हिच्या हनुवटीवर तीळ द्या. "मैंने दे दिया. माँ को मना करता, खाँ?"

रईसमियाँना या कामात काही चूक केली असं वाटतच नव्हतं. मला मात्र त्यांना चांगलं झापायचं होतं. पण त्यांनी मध्येच दुसरी गोष्ट सांगितली आणि माझं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. मुंबईच्या एका साडीच्या गिरणीचा माणूस दुकानदारांकडे फिरताना काचेतला फोटो पाहून गेला होता. नव्या कॅलेंडरसाठी त्यांना नवीन चेहरा हवा होता. फोटो पाठवा, म्हणाला, दहा दिवसांत.

आता फोटो हवा तर दुसरा काढावा, यात काय मोठंसं. निगेटिव्ह ओल लागून गेली होती, पण मी तर अजून होते ना. मी आईची जरीची साडी नेसून स्टुलावर बसले. रईसमियाँनी काढला फोटो. धुतला. बाहेर आले ते तोंड पाडून. साडी आली होती, जर आली होती, हातातली बांगडी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा. मी मान हलवली म्हणे. मी हलवली नव्हती. दुसरा काढला. तिसरा काढला. एकदा त्यांनी माझी वेणी ओढणीने मागच्या खांबाला बांधली आणि मी श्वाससुद्धा कोंडून धरला, इतका की मला घेरी आली. फराटा. सात फोटो झाले, सातही तसेच. सातव्याला रईसमियाँनी कॅमेऱ्यावर काळं कापड टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बीबी, अब मत आना. पहले वो वाला ले आओ."

पुढे मुंबईत मला कॅमेऱ्याची इतकी सवय झाली की झोपेतही मी उजेडाकडे तोंड करून झोपायची. पण अजूनही फोटोची प्रिंट हातात आली की ती मी उजेडाला धरते. आधी चेहरा आलाय का ते बघते, मग बरा आलाय का ते.

ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. आरशात मी दिसत होते, एवढाच आधार. आई येताजाता माझ्या अंगाला हात लावून बघायची. मला मुंबईला जायचं होतं, दुसरं काही नको होतं. नाहीतर बाबांनी टाइम ऑफिसातलाच कोणीतरी बघून ठेवला होता, त्याची बदलीसुद्धा होणार नव्हती. मुंबईची वाट त्या भिंतीवरून जात होती. पण तिथे जाऊन म्हणायचं काय? काकू, ही तुमची मुलगी नाही, मी आहे, द्या इकडे?

आठव्या दिवशी दुपारी मी गेले. दुपारी मोघेकाका कारखान्यात असणार. व्हरांड्यात माझ्या चपला जोडून, पुसून ठेवलेल्या होत्या. दार उघडंच होतं.

मोघेकाकू चौकटीत उभ्या होत्या. लहानखुऱ्या, पुण्याकडच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. मला वाटलं, किंचाळतील. त्या म्हणाल्या, "ये. चपला न्यायला येशील म्हणून वाट बघत होते."

मी आत जाऊन बसले आणि तयार करून आणलेलं सगळं भाषण विसरले. पुढे माझ्यावर कित्येकदा ही वेळ आली, पण तेव्हा निदान पडद्याआडून वाक्य सांगणारा माणूस असायचा. काकूंनी ट्रंकेतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. शाळेचा ग्रुप. चाळीस मुली हात मांडीवर ठेवून बसलेल्या. दुसऱ्या ओळीत कडेला एका मुलीच्या चेहऱ्याच्या जागी फराटा होता. हुबेहूब माझ्या सात फोटोंमधला. मी तो फोटो उलटा करून ठेवला.

"ही कुंदा," काकू म्हणाल्या. "तुझ्यासारखी अजिबात नव्हती गं दिसायला. रंग सावळा, नाक बसकं. तीळ तेवढा होता."

"मग तुम्ही..."

"मला काय कळत नाही होय? मी जन्म दिलाय तिला." मग त्या ट्रंकेचं झाकण लावत म्हणाल्या, "ह्यांना कळत नाही."

मोघेकाका कारखान्याची मोठी यंत्रं बाहेरगावी नेऊन उभी करण्याच्या कामावर होते. त्याला सगळे 'साइट' म्हणायचे. तीनतीन वर्षं साइट. जमलं तर वर्षातून एकदा आठ दिवस घरी. कुंदा चौदाची असताना गेले ते ती तापाने गेल्यावर आले, आणि तेही दोन दिवस उशिरा. मग बदली मागून भोपाळला आले. इथे कुंदाला कोणी पाहिलेलं नव्हतं. "सारखं म्हणायचे, मला तिचा चेहरा आठवत नाही. रात्रंदिवस एकच. जेवताना घास हातात धरून तेच. मग मी चेहरा आणला. आता रोज ड्युटीवरून येतात, फोटोसमोर उभं राहून 'आलो गं' म्हणतात आणि जेवतात." काकूंनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता तू सांग, तुला काय हवंय ते."

मी सांगितलं. कॅलेंडर, मुंबई, फराटे, सगळं. बोलता बोलता मला रडू आलं, आणि ते खरं होतं, हे मुद्दाम सांगते कारण नंतरच्या आयुष्यात मी ते विकून पोट भरलं. आठ दिवसांसाठी द्या, म्हटलं. फोटोवरून फोटो काढून रईसमियाँ परत करतील. काकांना सांगा, काच फुटली, बदलायला दिलाय. काकू उठल्या. मग त्यांनी हार काढून देव्हाऱ्यात ठेवला, मला स्टूल दिलं, आणि मी चढून माझा स्वतःचा फोटो खिळ्यावरून काढला. खाली चुन्याचा पांढरा चौकोन राहिला.

आणि भोंगा वाजला.

आमच्या गावचा भोंगा असा होता की झाडावरचे पोपट शिफ्टप्रमाणे उडायचे. पण तो कधी वाजायला हवा हे टाइम ऑफिसच्या मुलीला पाठ असणार की नाही? त्या दिवशी मी एक तास चुकले. का चुकले, ते देवाला ठाऊक. काकू म्हणाल्या, "आता पाच मिनिटांत येतील." मी फोटो बरोबर आणलेल्या जुन्या साडीत गुंडाळेपर्यंत सायकल फाटकाला टेकल्याचा आवाज आला.

मोघेकाका उंच होते, वाकून आत आले. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या चौकोनाकडे. मग खाली, स्टुलाजवळ उभ्या माझ्याकडे. मी मान डावीकडे केली होती. मी ती केली नव्हती, ती झाली होती. दारातून मावळतीचा उजेड माझ्या तोंडावर पडला होता आणि काकू देव्हाऱ्याला धरून उभ्या होत्या. टोपी काढून काका म्हणाले,

"आलीस? चहा टाक बरं."

इतकंच. जशी मी गिरणीवर गेले होते आणि आता आले.

मी स्वयंपाकघरात गेले. आमच्याच घरचं स्वयंपाकघर ते, तेच सिमेंटचं फळकूट, त्यामुळे साखर कुठे, चहापत्ती कुठे, याला काही करामत लागत नव्हती. टाऊनशिपच्या सगळ्या बायका पहिल्या डब्यात साखर ठेवत आणि दुसऱ्यात चहापत्ती. इथवर तुम्ही म्हणाल ते मला मान्य. पण मी चहा उकळायला ठेवला आणि माझा हात आपला आपण तिसऱ्या डब्याकडे गेला. आमच्याकडे त्यात मोहरी. मी न बघता झाकण काढलं, चिमूट घेतली आणि चहात टाकली. वास आला तेव्हा कळलं, बडीशेप. आमच्या घरी चहात आलं पडायचं, सर्दी झाली तर गवती चहा. बडीशेपेचा चहा मी तोवर ऐकलासुद्धा नव्हता. कानतुटका कप फळीच्या मागे होता, तो पुढे ओढून मी त्यातच ओतला. चांगले कप समोर असताना.

काकांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. काकूंनी तोंडाला पदर लावला. "हा चहा शाळेत असताना शिकली होती," काका भिंतीला सांगावं तसे म्हणाले. "मला पत्रात लिहिलं होतं, या तुम्ही, करून घालीन." मग त्यांनी सगळा चहा संपवला, तळाची पत्तीसुद्धा. मी तिथे बसून होते. मी कोण म्हणून बसले होते, ते मला अजून ठरवता येत नाही.

निघताना मी साडीत गुंडाळलेला फोटो उचलला. काकांनी पाहिलं. दारापर्यंत आले आणि म्हणाले, "लवकर ये."

फोटोवरून फोटो स्वच्छ निघाला, तिळासकट. रईसमियाँनी तीळ पुसायला ब्रश उचलला होता, मी म्हटलं राहू द्या. आठव्या दिवशी मी स्वतः जाऊन फ्रेम खिळ्यावर लावली. काकूंनी हार घातला नाही. "येते-जाते आहे ती," म्हणाल्या. पुढे मुंबईहून बोलावणं आलं, आई रडली, बाबांनी टाइम ऑफिसच्या मुलाला नकार कळवला, आणि मी गेले. सहा महिन्यांनी सुट्टीत आले तेव्हा आईने माझी हनुवटी धरून उजेडाकडे फिरवली. मग पदर ओला करून घासली. मग डाळीचं पीठ लावून घासली. टाऊनशिपच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनचा असेल, लक्ष गेलं नसेल. "जन्म म्या देल्ला," आई म्हणाली, "तुम्ही नाही."

तुम्ही तो तीळ पाहिलेला आहे. साड्यांच्या कॅलेंडरवर, साबणाच्या जाहिरातीत, मग पडद्यावर. मासिकांनी त्याच्यावर पानं भरली. मेकअपवाल्यांना वाटायचं मी पेन्सिलीने काढते, ते मला चोरून ब्रँड विचारायचे. माझी बहुतेक कीर्ती त्या तिळाची. आणि तो माझा नाही, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

माझ्या पहिल्या सिनेमात मी मध्यंतरापूर्वी मरत होते. फार सुंदर मेले, सगळे म्हणाले. चार दिवसांनी भोपाळहून काकूंचं पोस्टकार्ड आलं, बारीक अक्षरात. 'चि. सौ. कां. हिस आशीर्वाद. टी. टी. नगरला जाऊन दोघांनी सिनेमा पाहिला. हे मधूनच उठून आले. दोन दिवस जेवले नाहीत. पुढच्या वेळी मरू नकोस. ह्यांना सोसत नाही.'

त्यानंतर मी मेले नाही. आता लिहायला सोपं वाटतं, पण त्या काळात नायिकेला मरणाशिवाय मोठं व्हायचा रस्ता नव्हता. क्षयाने मर, गोळी खाऊन मर, नवऱ्याच्या पायाशी मर. मी प्रत्येक वेळी आधी पटकथेचं शेवटचं पान उलटून बघायची आणि मरण असलं तर वही परत करायची. एक अशी भूमिका सोडली की जिने ती केली तिला लोक अजून हात जोडतात. धंद्यात माझं नाव 'अमरबाई' पडलं. मला गर्व आहे, असंही म्हणत. कोणाला काय सांगणार? पोस्टकार्डं मात्र येत राहिली. कुंदाचं लग्न झालेलं छान वाटलं. कुंदा आता वहिनी शोभते. कुंदाचे केस पांढरे का केले, इतकं वय नाही तिचं. मी पडद्यावर म्हातारी होत गेले आणि भोपाळच्या एका क्वार्टरमध्ये दोन माणसं आपल्या लेकीला वाढताना बघत गेली. मुंबईहून मी किती वेळा गेले म्हणता त्या घरी? तीनदा. तिन्ही वेळा चहा मी केला.

आधी काका गेले, मग काकू. पुतण्याने ट्रकवाल्याबरोबर फ्रेम मुंबईला पाठवली. तो आता भोपाळातच अयोध्या नगरला राहतो, म्हणाला, घरात कोणाला माहीत नाही ही कोण, ती तुम्हालाच द्यायची असं काकूंनी लिहून ठेवलंय. माझ्या बैठकीत ती घड्याळाच्या जागी लावली आहे. पाहुणे म्हणतात, किती गोड दिसत होता तुम्ही. मी हो म्हणते.

काकू गेल्याच्या दुसऱ्या वर्षी एका मालिकेत मला आजीचं काम होतं आणि आजी मरणार होती. आता ते न सोसणारं कोणी उरलं नव्हतं. मी होकार दिला. भर दुपारी, दिव्यांच्या उजेडात मी पांढऱ्या चादरीवर पडले, नाकात कापूस, डोळे मिटलेले. पन्नास वर्षं मी अभिनय केलाय, मला प्रेत होता येतं. दिग्दर्शक पोरगेलासा होता, नम्र होता. त्याने एकदा घेतलं, दोनदा घेतलं, पाचव्यांदा तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही मान हलवताय. चेहरा फिरतोय दर वेळी."

मला त्याने मॉनिटरवर दाखवलं. चादर स्वच्छ आली होती, फुलं आली होती, हातावरच्या शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. चेहऱ्याच्या जागी फराटा.

मी हलले नव्हते.

काम सोडून घरी आले. चपला काढल्या, भिंतीकडे पाहिलं आणि म्हटलं, "बरं बाई, नाही मरत." मग स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. तिसऱ्या डब्यातली चिमूट घेऊन.